दुसऱ्या पाळीचा प्रेक्षक

रेडिओवर बसून टीव्हीवरच्या मालिकांचं कौतुक करायचं म्हणजे शेजारणीच्या भाजीची तारीफ आपल्याच स्वयंपाकघरात करण्यासारखं आहे. तरीही आज ते करणार आहे. कारण पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांत अनेक मालिका पाहण्याइतक्याच ऐकल्याही जात. तीच गोष्ट सांगायची आहे.

सगळी मेख होती पाळीची. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे लहान-मोठे शेकडो कारखाने आले. 1970 साली नगरपालिका झाली आणि 1982 साली महानगरपालिका. सातारा, सांगली, सोलापूर, बीड, जळगाव, कुठून कुठून माणसं आली आणि भोंग्याच्या वेळेवर जगायला लागली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. आठवडा बदलला की घराचं घड्याळ बदलायचं. दुसऱ्या पाळीचा माणूस दुपारी डबा घेऊन निघायचा आणि परत येईतो मध्यरात्र व्हायची.

आणि दूरदर्शनच्या मराठी कार्यक्रमांची वेळ नेमकी संध्याकाळची!

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. त्याच साली इकडे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, कामगारांना हक्काचं घर मिळावं म्हणून. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकावरून मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. मग ज्याच्या घरी संच, त्याच्या छतावर अँटेना आणि अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे. वारं सुटलं की एकाने गच्चीवर जाऊन दांडा फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं! पुन्हा मागे घे!" टीव्हीला तेव्हा परवाना लागायचा आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे. अख्ख्या चाळीत एखादाच संच असायचा. घरमालकीण दाराशी उभी राहून चपलांचा ढीग बघायची आणि मनातल्या मनात उद्याच्या झाडूपोछ्याचा हिशेब करायची. त्या दिवसांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी त्या बाईलाही एकदा विचारून घ्यावं.

अशा गर्दीत 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात चिमणराव आणि गुंड्याभाऊ अवतरले. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ही मालिका. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिमणराव भित्रा, बोलघेवडा, संसाराच्या ओझ्याने वाकलेला. गुंड्याभाऊ धिप्पाड, रागीट, हातात सोटा. दुसऱ्या दिवशी वस्तीत जिकडेतिकडे सोटे दिसायचे. कुणाकडे लाटणं, कुणाकडे मोडक्या छत्रीची दांडी.

मूळ कथांत चिमणराव स्वतःच आपली फजिती सांगतो, ही त्यांतली खरी गंमत. घरचा कर्ता पुरुष स्वतःच्या मूर्खपणाचा पाढा वाचतो आहे, आणि आपण किती शहाणे होतो हे पटवायच्या नादात आणखी फसतो आहे. टीव्हीवर आला की निवेदक मागे पडतो आणि प्रसंग पुढे येतो. सांगणं कमी होतं, दाखवणं वाढतं. हे चुकीचं नाही, माध्यमच तसं आहे. पण ते सांगणं आमच्याकडे दुसऱ्या वाटेने परत आलं.

आमच्या घरी वडिलांची दुसरी पाळी असली की ते रात्री उशिरा जेवायचे. आई ताट वाढायची. आम्ही खरं तर झोपलेलो असायचो, पण मालिकेच्या दिवशी ताटाचा आवाज झाला की धाकटी बहीण टुणकन उठून बसायची. "पप्पा, आज काय झालं माहितेय का?" आणि सुरू! चिमणरावांचा घोगरा, घाबरट आवाज वेगळा, गुंड्याभाऊंची डरकाळी वेगळी. मधेच ती विसरायची, मागे जायची, "नाही नाही, त्याच्या आधी असं झालं होतं" म्हणून पुन्हा उभारणी करायची. वडील घास हातात धरून थांबायचे. हशा नेमका कुठे आला ते तिला पक्कं ठाऊक असायचं, कारण संध्याकाळी तीस माणसं तिच्याभोवती तिथेच हसली होती. अंगाला ग्रीसचा वास येणाऱ्या त्या माणसाने अर्धी मालिका डोळ्यांनी पाहिलीच नाही. पण चिमणरावाबद्दल ते जन्मभर ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत आले.

मग 1990 च्या आसपास 'गोट्या' आला. हा तर मुळातच मुलांच्या पुस्तकातला. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या म्हणजे आई-बाप नसलेला, एका मायाळू घरात येऊन पडलेला, खोडकर पण मनाने लख्ख मुलगा. मालिका राजदत्त यांनी दिग्दर्शित केली, जॉय घाणेकर गोट्या झाला, शीर्षकगीताला अशोक पत्की यांचं संगीत होतं. ते गीत आजही कुणी गुणगुणलं की पन्नाशीकडे झुकलेली माणसं चटकन वळून पाहतात. त्या मालिकेत विनोद होता, पण कुणाला टोचणारा नव्हता. मूल भाबडेपणाने खरं बोलतं आणि मोठ्यांची पंचाईत होते, त्या जातीचा.

या ताम्हनकरांचं आपल्या पट्ट्याशी एक नातं मला फार महत्त्वाचं वाटतं. ते नोकरीला होते किर्लोस्करवाडीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर नांगराचा कारखाना आणि त्याभोवती गाव वसवलं. कारखान्याची खबरबात देण्यासाठी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि त्यातून मराठीतलं एक मोठं मासिक घडलं. गोट्याचा निर्माता अशा कारखान्याच्या गावात वावरलेला माणूस होता. भोंगा, पाळी, बिऱ्हाड, शेजार हे त्याच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. बापाला कामाची घाई आणि मुलाला गोष्टीची घाई, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. म्हणून गोट्या आमच्या वस्तीत आला तेव्हा तो पाहुणा वाटला नाही, असं मी मानतो.

ताम्हनकर 1961 साली गेले, चिं. वि. 1963 साली. मुंबई दूरदर्शनचा एकही कार्यक्रम दोघांनी पाहिला नाही. त्यांनी लिहिलं ते वाचण्यासाठी, आणि तेव्हाच्या घरांत वाचणं म्हणजे बऱ्याचदा एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकताना टिकेल असं त्यांचं लेखन होतं, म्हणूनच ते माझ्या बहिणीच्या तोंडून वडिलांपर्यंत पोचू शकलं.

याची उलटी साक्षही आहे. टीव्हीवरचे चिमणराव प्रभावळकर, त्यांनी 'बोक्या सातबंडे' लिहिला तो मुळात आकाशवाणीसाठी. म्हणजे आपल्या या घरचा! आधी कानावर पडला, मग पुस्तकांत आला आणि 2009 साली चित्रपटात. त्यांच्याच 'अनुदिनी' या वृत्तपत्रीय सदरावरून 2001 साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली. केदार शिंदे यांचं दिग्दर्शन, आबा टिपरे खुद्द प्रभावळकर. आजोबा, मुलगा-सून, नातवंडं, एका घरातलं साधं रोजचं आयुष्य. फजिती घरातल्या प्रत्येकाची व्हायची, पण कुणी खलनायक नसायचा.

तोवर आमच्याकडेही बरंच बदललं होतं. बजाजचा चाकणचा कारखाना 1999 साली सुरू झाला. पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथे फोक्सवॅगन आली, महिंद्रा आली आणि कामगारांच्या बसगाड्या भल्या पहाटे निगडी-भोसरीहून नाशिक रस्त्याला लागू लागल्या. घरोघरी केबल आली, चपलांचे ढीग संपले. दुसरी पाळी मात्र संपली नाही. टिपऱ्यांच्या घरात आज काय झालं, हे पाळीवरून आलेल्या माणसाला सांगणारं कुणीतरी घरात होतंच.

आता हुकलेला भाग मोबाइलवर हवा तेव्हा दिसतो. चाकणहून परतणारा पोरगा बसमध्येच तो बघून टाकतो. सोय उत्तम आहे, तक्रार कशाला? पण कुठली कौटुंबिक विनोदी मालिका चांगली, हे ठरवायचं माझं माप अजून तेच आहे. आठ वर्षांच्या मुलाला ती न पाहिलेल्या माणसापुढे सांगता येते का? सांगताना त्याला स्वतःला हसू आवरत नाही का? आणि ऐकणारा "मग पुढे?" म्हणतो का? म्हणाला, तर लेखकाने काम चोख केलं.

तेव्हा आज तुमच्या घरात कुणाची दुसरी पाळी असेल, तर त्याला ताट वाढताना टीव्ही बंद ठेवा आणि घरातल्या लहानग्याला एक प्रसंग सांगू द्या. उशीर झाला तरी चालेल, उद्या शाळेला जाग आली नाही तर दोष या कार्यक्रमावर ढकला.