मुलांच्या वाट्याचं अन्न



अमेरिकेत अशी लाखो घरं आहेत, जिथे आईवडिलांकडे राहण्याची कागदपत्रं नाहीत, पण मूल मात्र जन्मानेच नागरिक आहे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी घरांतही प्रत्येकाचा कागद निराळा असतो. वडील एच-वन बी व्हिसावर, आई एच-फोरवर, मुलगी नागरिक. पगार येतो तोवर हे कुणाच्या मनातही येत नाही. नोकरी गेली, की येतं.

अशा वेळी अन्नासाठी सरकारी मदत देणारी योजना म्हणजे स्नॅप, जुनी फूड स्टॅम्प. तिची मदत विनाकागद माणसाला मिळत नाही, एच-वन बीवाल्यालाही नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्या प्रौढालासुद्धा बहुधा पाच वर्षं थांबावं लागतं. ही अट 1996च्या कायद्यातून आली. 2002मध्ये ग्रीन कार्डवाल्या मुलांसाठी ती उठवली. नागरिक मुलाला मात्र ती कधीच लागू नव्हती. पात्रता माणशी ठरते. एकाला नाही म्हणून साऱ्या घराला नाही, असं होत नाही. आईवडिलांची कमाई हिशेबात धरतात, ती सांगावीच लागते; पण त्यांनी स्वतःसाठी मदत मागितली नसेल, तर त्यांचा व्हिसा किंवा सोशल सिक्युरिटी नंबर देण्याची सक्ती नाही.

तरीही लोक अर्ज करत नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच. 2020मध्ये ‘पब्लिक चार्ज’चा, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहू शकणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याचा, कडक नियम लागू झाला. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल, अशी धास्ती पसरली. त्या नियमातही मुलाला मिळालेलं अन्न आईबापांच्या खात्यावर मांडलं जात नव्हतं, तरी अनेकांनी मुलांची नावं काढून घेतली. पुढच्याच वर्षी तो नियम गेला, भीती राहिली. ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. 2025मध्ये केंद्र सरकारने राज्यांकडे लाभार्थ्यांची माहिती मागितली, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने अनेक निर्वासितांचीही स्नॅपची मदत थांबवली. म्हणून अर्जाआधी इमिग्रेशनच्या वकिलाला जरूर विचारा.

गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी विक ही अन्नाची योजना आहे. तिला इमिग्रेशनची अट नाही. शाळेतल्या जेवणालाही नाही.

स्नॅपचा अर्ज भरताना, ज्याच्यासाठी मदत नको त्याच्या नावापुढे तसं स्पष्ट लिहा आणि सोशल सिक्युरिटी नंबराचा रकाना रिकामा सोडा. खोटा नंबर मात्र कधीही लिहू नका.