विमानाचं रूप आणि विमानाची चाल



१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबई-अमरावती प्रवासी सेवा सुरू झाली. अलायन्स एअरचं एटीआर-७२ जातीचं, दोन पंख्यांचं विमान. कौंडण्यपूरहून बेलोरा फार तर चाळीस-पन्नास किलोमीटर. आमचं गाव तसं पायी चालणाऱ्यांचं. रुक्मिणीमातेची पालखी इथून निघते ती वर्धेच्या काठापासून थेट पंढरपूरपर्यंत पायीच जाते. पण आता आमच्या पोरांच्या बोलण्यात धावपट्टी, टेकऑफ, एटीआर हे शब्द असे येतात, जसे पूर्वी एसटीचे येत.

त्यात भर पडली वैमानिक प्रशिक्षणाची. बेलोऱ्यात एअर इंडियाने प्रशिक्षण संस्था काढायचं ठरवलं आणि त्यासाठी ३४ विमानं मागवली. त्यांतली ३१ पायपर आर्चर डीएक्स, एका इंजिनाची. आणि ३ डायमंड डीए-४२, दोन इंजिनांची. वैमानिक होण्याचा खर्च कित्येक लाखांचा असतो, कापूस-सोयाबीनवाल्या घराला तो झेपणारा नाही. संगणकावरचं विमान मात्र फुकट चालवता येतं. फुकट म्हणजे चोरून नव्हे, सरळ परवान्याने. आणि नुसतं चालवता येतं असं नाही, ते उघडून बदलताही येतं. आज बोलायचं आहे ते या उघडण्याबद्दल.

फ्लाइटगिअर नावाचा एक सिम्युलेटर आहे. १९९६ मध्ये काही हौशी लोकांनी तो करायचा प्रस्ताव मांडला, पुढल्या वर्षी त्याची पहिली आवृत्ती आली, आणि तेव्हापासून जगभरची माणसं तो बिनपैशाने घडवत आली आहेत. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर त्याहून जुना, १९८२ चा. दिसायला तो आज फार देखणा आहे, एक्स-प्लेनही उत्तम आहे. पण दोन्हींना पैसे मोजावे लागतात आणि दणकट संगणकही लागतो. शिकायला सुरुवात करणाऱ्याने फ्लाइटगिअरच घ्यावा, असं माझं मत आहे. कारण एकच. त्यात विमानाची फाइल कुलपात नसते.

तो संगणकावर घेतला की त्याच्यासोबत एक विमान येतं, सेसना १७२-पी. खऱ्या जगातही सेसना १७२ हे सर्वांत जास्त संख्येने बनलेलं विमान. ४४ हजारांच्या वर बनली. या विमानाचा आख्खा फोल्डर प्रथम कॉपी करा, दुसरीकडे ठेवा आणि मूळ फोल्डरला हात लावू नका. नवीन माणूस हे ऐकून घेतो आणि करत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

आता फोल्डरच्या आत काय आहे ते बघू. एक फाइल असते तिच्या नावाच्या शेवटी ‘सेट’ येतं आणि ती एक्सएमएल प्रकारची असते. ती म्हणजे विमानाचा सातबारा. विमानाचं नाव काय, त्याचं चित्र कुठे, आवाज कुठे, इंजिनाचा हिशेब कुठल्या फाइलीत, हे सगळं तिथे नोंदलेलं. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. पहिल्या दिवशी तिच्यात जाऊन विमानाचं वर्णन बदला, गावाचं नाव टाका, सिम्युलेटर सुरू करा आणि यादीत तुमचं वर्णन दिसतं का ते पाहा. काम क्षुल्लक आहे, पण आपण लिहिलेलं यंत्र वाचतं आहे याची खात्री पटते. मग पुढचं भय उरत नाही.

दुसरी पायरी रंगाची. विमानाच्या अंगावरचा रंग म्हणजे एक सपाट चित्र असतं, विमानाची कातडी सोलून जमिनीवर पसरावी तसं. पंख इकडे, शेपूट तिकडे, पोट भलतीकडेच. गिम्प हा फुकटचा चित्र-कार्यक्रम घ्या आणि त्यात हे चित्र उघडा. चित्राची लांबी-रुंदी १०२४, २०४८ अशा मापांत असते. ती तशीच ठेवा. त्यावर भारतीय नोंदणीची अक्षरं रंगवा. आपल्या देशातली नागरी विमानं ‘व्हीटी’ या दोन अक्षरांनी ओळखली जातात. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं त्या पुस मॉथ विमानावर ‘व्हीटी-एडीएन’ अशी अक्षरं होती. तुम्ही पुढची तीन अक्षरं हवी ती घ्या.

इथे एक गंमत होते. डाव्या बाजूला अक्षरं नीट दिसतात आणि उजव्या बाजूला आरशात पाहिल्यासारखी उलटी. पोरं म्हणतात, चित्र बिघडलं. चित्र बिघडलेलं नसतं. जुन्या मॉडेलांमध्ये जागा वाचवायला दोन्ही बाजूंना कातडीचा एकच तुकडा लावलेला असतो. कोऱ्या पांढऱ्या अंगाला ते चालून जातं, अक्षरांना चालत नाही. मग उजव्या बाजूसाठी चित्रात वेगळी जागा काढून द्यावी लागते, आणि त्यासाठी ब्लेंडर उघडावा लागतो.

ब्लेंडर हा त्रिमितीय आकार घडवायचा कार्यक्रम, तोही फुकट. सेसनाचा आकार ज्या फाइलीत आहे तिला ‘एसी’ प्रकारची फाइल म्हणतात. ती ब्लेंडरमध्ये आणायला एक छोटी जोडणी वेगळी बसवावी लागते. नोटपॅडमध्येही ती उघडून बघा एकदा. आत नुसते आकडे दिसतील, हजारो ओळी, प्रत्येक ओळीत तीन आकडे. विमानाच्या अंगावरच्या एकेका बिंदूचा तो पत्ता. आपण ज्याला विमान म्हणतो ते पडद्यावर एवढंच असतं.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते. तिवश्याकडच्या एका पोराने ब्लेंडरमध्ये सेसनाचे पंख ओढून दुप्पट लांब केले. मोठ्या हौसेने उडवायला बसला. विमान पहिल्याइतकीच धावपट्टी खाऊन, पहिल्यासारखंच उठलं. मला म्हणतो, “सर, पंख तं दुप्पट केले, मंग हे इमान लवकर काहून नाई उठत?”

प्रश्न सोळा आणे खरा आहे. उत्तर असं की फ्लाइटगिअरमध्ये विमानाला दोन अंगं असतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नसते. एक अंग दिसण्याचं, दुसरं उडण्याचं. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवली, झूल घातली, तरी त्याची चाल आदल्या दिवशी होती तीच राहते, तसंच हे. उडण्याचा सगळा हिशेब वेगळ्या फाइलीत असतो. सेसनासाठी तो जेएसबीसिम नावाचं गणितयंत्र करतं. त्या फाइलीत पंखाची लांबी, पंखाचं क्षेत्रफळ, रिकाम्या विमानाचं वजन, चाकांच्या जागा, हे आकडे लिहिलेले असतात. तिथे पंख साधारण छत्तीस फुटांचा म्हणून लिहिला आहे, म्हणून विमान छत्तीस फुटांच्या पंखाने उडतं, पडद्यावर तुम्ही बहात्तर फूट का दाखवेनात. गंमत पुढेच आहे. जमिनीला कुठला भाग टेकतो तेही त्या फाइलीतच ठरतं. त्यामुळे दुप्पट केलेल्या पंखाचं टोक जमिनीतून आरपार जातं आणि विमानाला पत्ताच नसतो.

एक्स-प्लेनची रीत थोडी निराळी. त्याच्यासोबत प्लेन मेकर नावाचं अवजार येतं. त्यात पंखाचा आकार भरला की यंत्र पंखाचे बारीक तुकडे पाडतं आणि एकेका तुकड्यावर हवा किती जोर लावते ते काढतं. म्हणजे तिथे आकार बदलला की चाल बदलते. पण तिथेही ब्लेंडरमधून आणून चिकटवलेलं सुंदर कवच शोभेचंच असतं. शोभा आणि हिशेब यांची ही फारकत जो पहिल्या आठवड्यात ओळखतो, तो पुढे टिकतो. जो ओळखत नाही तो सहा महिने नुसता रंग देत बसतो. रंग देण्यातही आनंद आहे, नाही असं नाही.

आता त्या हिशेबाच्या फाइलीत शिरू. पहिलाच घोळ मापांचा. ब्लेंडरमधला आकार मीटरमध्ये, आणि जेएसबीसिमच्या फाइलीत बहुधा फूट, इंच आणि पौंड. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं माप लिहिलेलं असतं, ते न वाचता आकडा बदलू नये. बेलोऱ्याच्या पायपर आर्चरचा पंख १०.८२ मीटर आहे. तोच आकडा फुटाच्या घरात टाकला तर हिशेबातला पंख खेळण्याएवढा होतो आणि विमानाची चाल बिघडते.

प्रयोग करायचाच तर गुरुत्वमध्याचा करा. याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. फाइलीत विमानाचा गुरुत्वमध्य इंचांत दिलेला असतो आणि आकडा वाढला की तो शेपटीकडे सरकतो. खऱ्या सेसना १७२ मध्ये हे अंतर इंजिनामागच्या भिंतीपासून मोजतात आणि वैमानिकाला साधारण ३५ ते ४७ इंचांच्या आत राहावं लागतं. म्हणजे एवढ्या मोठ्या विमानाला सूट केवळ बाराएक इंचांची! मागच्या सीटवर दोन जाडजूड माणसं आणि त्यांच्यामागे सामान टाकलं की ती सूट संपत येते. तुम्ही फाइलीतला आकडा दोन-दोन इंचांनी वाढवत जा आणि दर खेपेला उडून बघा. आधी विमान हातात हलकं वाटेल, बरंही वाटेल. मग नाक आपोआप वर जायला लागेल, दांडी सतत पुढे रेटावी लागेल. आणखी वाढवलं की वर गेलेलं नाक खाली आणताच येणार नाही. मध्य मागच्या चाकांच्याही मागे गेला, तर विमान उडायच्या आधीच शेपटीवर बसेल. वैमानिक उड्डाणाआधी वजनाचा तक्ता का भरतात हे पुस्तक वाचून कळायला वेळ लागतो. इथे अर्ध्या तासात कळतं, आणि कोणाचं हाडही मोडत नाही.

खरं विमान बनवणाऱ्याला ही चैन नसते. मुंबईचे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान उभं केलं, २०१६ च्या मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. त्यांच्या कामाला वर्षानुवर्षं लागली आणि सरकारी नोंदणी मिळवण्यातही बराच काळ गेला. त्यांच्यासारख्याला गुरुत्वमध्य दोन इंच सरकवून ‘बघू काय होतं ते’ म्हणता येत नाही.

सेसनावर हात बसला की बेलोऱ्याच्या विमानाकडे वळा. फ्लाइटगिअरच्या संग्रहात पायपर वॉरियर आहे, पीए-२८ घराण्यातलं. आर्चर त्याच घराण्यातली, वॉरियरची थोरली बहीण म्हणा. वॉरियरवरून आर्चर डीएक्स घडवणं हा सुरुवातीचा उत्तम उपक्रम आहे, कारण फरक मोजके आणि नेमके आहेत. वॉरियरच्या नाकावर दोन पात्यांचा पंखा, आर्चर डीएक्सवर तीन पात्यांचा. वॉरियर विमानाच्या पेट्रोलवर चालतं, डीएक्सचं इंजिन डिझेल जातीचं, १५५ अश्वशक्तीचं, जेट विमानाच्या इंधनावर चालणारं. त्यामुळे वॉरियरमध्ये हवा-इंधनाचं मिश्रण ठरवणारी जी लाल मुठीची दांडी असते, तिची डीएक्सला गरज नाही; एकाच दांडीवर काम भागतं. ती लाल दांडी ब्लेंडरमध्ये काढून टाकायची. काम दहा मिनिटांचं, पण कॉकपिट एकदम नवं वाटतं. डिझेल इंजिनाचा अंतर्गत हिशेब मात्र एवढ्यात अंगावर घेऊ नका. शक्तीचा आकडा आणि वजन जुळवा, डीएक्सचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २५५० पौंड आहे, तिथवर पुष्कळ झालं.

तीन पात्यांचा पंखा करताना दोन अडचणी हमखास येतात. एक पातं बनवून त्याच्या नकला काढल्या की ब्लेंडर दुसऱ्या पात्याच्या नावापुढे आपल्या मनाने टिंब, शून्य, शून्य, एक असं शेपूट लावतो. आणि फिरवण्याची सूचना ज्या एक्सएमएल फाइलीत आहे, ती नावावरून पातं शोधते. नाव जुळलं नाही की ते पातं जागेवरच उभं राहतं आणि बाकीची फिरतात. तिन्ही पाती एकत्र जोडून त्यांना एकच नाव द्या, प्रश्न मिटला. दुसरी अडचण फिरण्याच्या मध्याची. तो बिंदू जरा इकडेतिकडे लिहिला गेला, तर पंखा स्वतःभोवती न फिरता नाकाभोवती गोल चकरा मारतो. बघणाऱ्याला हसू येतं, करणाऱ्याला येत नाही. बिंदूचे तीनही आकडे ब्लेंडरमधून वाचून तसेच्या तसे फाइलीत उतरवायचे.

विमान तयार झालं की ते धावपट्टीवर आणून चाकांकडे बघा. चाकं डांबरात रुतलेली दिसली किंवा विमान वीतभर अधांतरी दिसलं, तर घाबरू नका. दिसण्याचं अंग आणि उडण्याचं अंग ज्या बिंदूत जोडतात, त्या बिंदूची उंची चुकलेली असते. तेवढीच दुरुस्त करा, चाकांचे आकडे हलवत बसू नका.

उडायला नागपूर घ्या. सिम्युलेटरमध्ये त्याची खूण ‘व्हीएएनपी’. धावपट्टी ३२०० मीटरची, नवशिक्याचे सगळे अपराध पोटात घालणारी. तिथून पश्चिमेला निघालात की अर्ध्या-पाऊण तासात वर्धा नदी आडवी येते, आणि नदीच्या पलीकडच्या काठावर आमचं कौंडण्यपूर. जमिनीचा नकाशा यंत्र इंटरनेटवरून उतरवून घेतं, म्हणून पहिली फेरी नेट चालू असताना करा. लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा फाइल दर थोड्या वेळाने सेव्ह करत राहा.

शेवटी परवान्याचं. फ्लाइटगिअरमधली बहुतेक विमानं जीपीएल परवान्याखाली आहेत. तुम्ही ती बदलू शकता, मित्राला देऊ शकता, जगाला देऊ शकता. अट अशी की मूळ कर्त्यांची नावं तशीच राहिली पाहिजेत आणि विमान दुसऱ्या कोणाला दिलंत, तर तुमचे बदलही त्याच परवान्याने खुले केले पाहिजेत. विकतच्या सिम्युलेटरमधलं विमान काढून इकडे आणणं मात्र यात बसत नाही, कितीही छान दिसत असलं तरी. वॉरियरच्या सेट-फाइलीत कर्त्यांची नावं असतात. त्यांच्यापुढे स्वल्पविराम द्या आणि आपलं नाव लिहा.