लिलावातील वर्णन आणि न वाचणारा बोलीदार



सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पियरे ओमिद्यार या संगणक अभियंत्याने इंटरनेटवर लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. पुढे ‘ईबे’ या नावाने जगभर पसरलेल्या या बाजारात विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेसर पॉइंटर. तो बिघडलेला आहे असे वर्णनात स्पष्ट लिहिलेले असूनही त्याला १४ डॉलर ८३ सेंट इतकी किंमत आली. ओमिद्यार यांना शंका आली. त्यांनी खरेदीदाराला विचारले, की ही वस्तू चालत नाही हे आपल्या लक्षात आले आहे ना? उत्तर आले, की बिघडलेले लेसर पॉइंटर जमवणे हाच आपला छंद आहे. विक्रेत्याने खरे लिहिले, ग्राहकाने ते वाचले आणि विक्रेत्याने वर खातरजमाही करून घेतली. ऑनलाइन लिलावाचा इतिहास इतक्या सचोटीने सुरू झाला, याचे आज थोडे नवल वाटते.

याच बाजारात पुढे निराळ्या प्रकारची वर्णने दिसू लागली. शीर्षकात महागड्या गेमिंग यंत्राचे नाव, शेजारी त्याचे झळझळीत छायाचित्र, आणि लांबलचक मजकुराच्या अखेरीस एक वाक्य, की विक्रीस ठेवला आहे तो केवळ यंत्राचा रिकामा खोका. डिसेंबर २०१३ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील एका तरुणाने ईबेवर ‘एक्सबॉक्स वन’ समजून ४५० पौंड मोजले. घरी आले ते त्या यंत्राचे छायाचित्र. वर्णनात ‘फोटो’ हा शब्द होता. इतकेच नव्हे, तर तो शब्द त्या तरुणाने पाहिलाही होता आणि तो क्षणभर घुटमळलाही होता. परंतु वस्तूची नोंद गेमिंग यंत्रांच्या वर्गवारीत होती आणि विक्रेत्याविषयी कोणताही प्रतिकूल अभिप्राय नव्हता, म्हणून त्याने व्यवहार पूर्ण केला. त्याचे पैसे पुढे परत मिळाले. या प्रकरणावर ‘वाचले असते तर फसला नसता’ असा शेरा मारणे सोपे आहे. पण तो अपुरा आहे. वर्गवारी, छायाचित्र, अक्षरांचा आकार हेही वर्णनच असते. शब्द खरे आणि मांडणी खोटी, अशी ही रचना आहे, आणि अर्थशास्त्र व कायदा या दोहोंपुढे तिने कठीण प्रश्न उभे केले आहेत.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा निबंध परिचित असतो. जुन्या मोटारींच्या बाजारात गाडीचे दोष विक्रेत्याला ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. ग्राहक सरसकट सरासरी किंमत देऊ करतो, ती चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. मागे राहतो तो वाईट माल. अनेक नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाच्या लेखकाला २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निबंधात भारतातील सावकारी कर्जव्यवहाराचीही चर्चा आहे, ही बाब पाठ्यपुस्तकांतून बहुधा गळून जाते. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत म्हणून राहिले होते.

जुनी मोटार निदान समोर उभी असते. तिला हात लावता येतो, ओळखीच्या मेकॅनिकला दाखवता येते. ऑनलाइन लिलावात वस्तू आणि ग्राहक यांच्यामध्ये वर्णनाखेरीज काहीही नसते. असे असूनही हा बाजार कोसळला नाही. त्याचे एक कारण म्हणजे विक्रेत्याची पत. रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांच्या विक्रीवर केलेल्या प्रयोगात असे आढळले, की अनेक वर्षांचे चांगले अभिप्राय असलेल्या विक्रेत्याला तशाच मालासाठी नवख्या नावापेक्षा सुमारे ८.१ टक्के अधिक किंमत मिळते. दुसरे कारण वर्णनातच आहे. ईबेवरील जुन्या मोटारींच्या विक्रीचा अभ्यास करून ग्रेगरी लुइस यांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की भरपूर छायाचित्रे व तपशीलवार मजकूर देणाऱ्याला किंमत अधिक येते. कारण असे लेखी वर्णन एका परीने करारच असते आणि खोटे लिहिणाऱ्याला ते अंगाशी येऊ शकते.

जिन आणि काटो यांचा २००६ चा अभ्यास मात्र या चित्राची दुसरी बाजू दाखवतो. बेसबॉल खेळाडूंची संग्राह्य चित्रपत्रे विकणारे काही विक्रेते ‘अत्युत्तम दर्जा’ असा दावा करीत. संशोधकांनी अशी पत्रे विकत घेतली आणि व्यावसायिक परीक्षकांकडून तपासून घेतली. मोठा दावा करणाऱ्यांना किंमत जास्त मिळत होती. त्यांच्या मालाचा दर्जा मात्र तसा नव्हता. म्हणजे वर्णनावर भिस्त ठेवणारा ग्राहकही फसतो.

आता न वाचणाऱ्या ग्राहकाकडे वळता येईल. विपुल माहिती वाचकाचे अवधान खर्च करते आणि म्हणून अवधान हेच दुर्मीळ साधन ठरते, असे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. वाचणे फुकट नसते. ग्राहक शीर्षक पाहतो, चित्र पाहतो, किंमत पाहतो आणि उरलेल्या मजकुरावरून नजर फिरवतो. होसेन आणि मॉर्गन यांनी ईबेवर संगीताच्या सीडी आणि व्हिडिओ गेम मिळून ८० लिलाव करून याची परीक्षा घेतली. काही लिलावांत प्रारंभिक किंमत ४ डॉलर आणि पाठवणीचा खर्च शून्य. काहींत प्रारंभिक किंमत अवघा १ सेंट आणि पाठवणीचा खर्च ३ डॉलर ९९ सेंट. बेरीज एकच. तरीही दुसऱ्या प्रकारात बोली लावणारे अधिक आले आणि विक्रेत्याच्या हाती पैसेही अधिक पडले. पाठवणीचा खर्च लपवलेला नव्हता. तो फक्त नजर जाते तेथे नव्हता.

या साऱ्यात लिलावाचे स्वतःचे असे एक वैशिष्ट्य आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. समजा, रिकाम्या खोक्याची किंमत २०० रुपये आणि यंत्राची २०,००० रुपये आहे. नोंद पाहणाऱ्या १०० जणांपैकी ९८ जण वर्णन नीट वाचतात आणि फार तर २०० रुपयांची बोली लावतात. उरलेले दोघे शीर्षकावर थांबतात. दुकानात अशा वेळी १०० पैकी ९८ ग्राहक परत फिरल्याने दुकानदाराचे नुकसान होईल. लिलावात मात्र त्या दोघांची चढाओढच किंमत ठरवते, कारण वस्तू सर्वोच्च बोलीदाराला जाते आणि किंमत त्याच्या खालोखाल बोली लावणाऱ्याच्या आकड्याजवळ स्थिरावते. ९८ जणांच्या शहाणपणाचा किमतीवर काहीच परिणाम होत नाही. नेहमीच्या बाजारात जागरूक ग्राहक बेसावध ग्राहकाचे थोडेफार रक्षण करतात; लिलाव ते कवच काढून घेतो आणि सर्वांत कमी वाचणाऱ्याला शोधून काढतो.

ली आणि माल्मेंडियर यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून याला भक्कम पुरावा मिळाला. ईबेवर ‘कॅशफ्लो १०१’ हा बैठा खेळ लिलावातही मिळत होता आणि त्याच वेळी, त्याच पानावर, ठरावीक किमतीलाही मिळत होता. तरी ४२ टक्के लिलावांत अंतिम बोली त्या ठरावीक किमतीच्या वर गेली. पाठवणीचा खर्च धरल्यास हे प्रमाण ७३ टक्के होते. जादा बोली लावणारे मात्र एकूण बोलीदारांपैकी केवळ १७ टक्के होते. हा खेळ लोकांना आर्थिक व्यवहार आणि हिशेब शिकवण्यासाठी तयार केलेला आहे, हा त्यातला विनोद.

तोटा फक्त त्या बेसावध बोलीदाराचा होतो असे नाही. खोके विकणाऱ्यांची संख्या वाढली, की खरे यंत्र विकणाऱ्याच्या नोंदीकडेही ग्राहक संशयाने पाहू लागतो, आणि अकरलॉफ यांनी वर्णिलेली घसरण येथेही सुरू होते. म्हणून हा प्रश्न केवळ एकेका ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा राहत नाही.

भारतीय कायद्याने या प्रश्नाचा विचार संगणकाच्या अनेक दशके आधी केला होता. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे आणि तिच्याखालील पहिलेच उदाहरण लिलावाचे आहे. ‘क’ आपला घोडा लिलावात ‘ख’ला विकतो. घोडा सदोष आहे हे ‘क’ला ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. हे कपट नव्हे, असे कायदा सांगतो. कलम १९ चा अपवाद याहून महत्त्वाचा आहे आणि अभ्यास करताना नेमका तोच सुटतो. चुकीच्या निवेदनामुळे किंवा कपटपूर्ण मौनामुळे संमती दिली गेली असली, तरी सामान्य दक्षतेने सत्य शोधून काढण्याचे साधन त्या पक्षाच्या हाती असेल, तर करार रद्द करता येत नाही. वर्णन न वाचणाऱ्या बोलीदाराविरुद्ध विक्रेत्याच्या हाती याहून धारदार शस्त्र नाही. दुसऱ्या बाजूने, वस्तुविक्री अधिनियम, १९३० चे कलम १५ वर्णनानुसार झालेल्या विक्रीत माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे अशी गर्भित अट घालते. मग वर्णन कशाला म्हणायचे? शीर्षकाला आणि चित्राला, की अखेरच्या ओळीला? आणि पडद्यावर भराभर पुढे सरकणाऱ्या मजकुराबाबत ‘सामान्य दक्षता’ म्हणजे नेमकी किती? १८७२ च्या कायद्यापुढचा घोडा बाजारात उभा होता; त्याचे दात पाहता येत होते.

भारतात हा बाजार २००० मध्ये ‘बाझी डॉट कॉम’च्या रूपाने आला. २००४ मध्ये ईबेने ती कंपनी विकत घेतली, २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. घरगुती वस्तूंचा ऑनलाइन लिलाव येथे फारसा रुजला नाही. मात्र कर्ज थकल्यामुळे बँकांनी ताब्यात घेतलेल्या घरांचा, गाळ्यांचा आणि कारखान्यांचा ई-लिलाव मोठ्या प्रमाणावर होऊ लागला, आणि तेथे न वाचण्याची किंमत ४५० पौंडांपेक्षा कितीतरी मोठी असते.

मराठी वर्तमानपत्रांत रोज छापून येणाऱ्या अशा जाहीर नोटिसांत ‘जे आहे जेथे आहे’, ‘जे आहे जसे आहे’ हे शब्द हमखास असतात. राखीव किंमत ठळक अक्षरांत असते, हे शब्द दाट मजकुरात असतात. सरफेसी कायद्याखालील २००२ च्या नियमांनुसार धनको बँकेला ज्ञात असलेले बोजे विक्रीच्या नोटिशीत नमूद करावे लागतात. पण बँकेलाच माहीत नसलेली थकबाकी नोटिशीत कशी येणार? वीजबिलांच्या अशाच जुन्या थकबाकीवरून निर्माण झालेल्या वादांचा एक मोठा गट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या प्रकरणात निकालात काढला. लिलावात मालमत्ता घेणाऱ्याने नवी जोडणी मागितल्यास, नियमांत तशी तरतूद असेल तर, पूर्वीच्या मालकाची थकबाकी भरण्याची अट त्याला घालता येते, आणि ‘जे आहे जेथे आहे’ या अटीमुळे चौकशी करण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते, असा त्या निकालाचा आशय आहे. बोली स्वीकारली गेल्यावर त्याच दिवशी किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी २५ टक्के रक्कम भरावी लागते. उरलेली मुदतीत भरली नाही, तर भरलेली रक्कम जप्त होते. बोली जिंकल्यावर कागदपत्रे वाचायला बसणाऱ्याला माघारीची वाट उरत नाही.

ग्राहकोपयोगी व्यवहारांत मात्र कायद्याचा कल बदलला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हेही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडते. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार वर्णन आणि चित्रे वस्तूच्या प्रत्यक्ष स्वरूपाशी जुळतील, अशी हमी ऑनलाइन बाजारपेठेने विक्रेत्यांकडून घेतली पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या १३ रचनापद्धतींची यादी अधिसूचित केली. खोटी निकड निर्माण करणे, खर्च टप्प्याटप्प्याने उघड करणे यांबरोबरच काही माहिती ठळक करून दुसरी आवश्यक माहिती झाकोळून टाकणे हीही त्यांपैकी एक आहे. काय लिहिले एवढेच न पाहता कसे मांडले हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे आणि त्याचे स्वागत करायला हवे.

त्यात एक फट मात्र उरली आहे. नियमितपणे व्यवसाय न करणारी, केवळ वैयक्तिकरीत्या एखादी वस्तू विकणारी व्यक्ती २०२० च्या नियमांच्या कक्षेबाहेर आहे. जुना मोबाइल किंवा वापरलेला कॅमेरा विकणाऱ्या हौशी विक्रेत्याशी वाद झाला, तर पुन्हा १८७२ आणि १९३० च्या कायद्यांकडेच यावे लागते, आणि काही हजार रुपयांसाठी दिवाणी न्यायालयात जाणे बहुतेकांना परवडत नाही.

अशा खरेदीदाराच्या कामी येईल असे दुसरे एक उदाहरण त्याच कलम १७ खाली दिलेले आहे. ‘ख’ म्हणतो, तुम्ही नकार दिला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन. ‘क’ काहीच बोलत नाही. येथे ते मौन बोलण्याच्याच बरोबरीचे ठरते. ईबेवर विक्रेत्याला लेखी प्रश्न विचारण्याची सोय आहे आणि विचारलेल्या प्रश्नाची नोंद राहते. ओमिद्यार यांनी १९९५ मध्ये जो प्रश्न विक्रेता म्हणून विचारला, तोच येथे खरेदीदाराला बोली लावण्यापूर्वी विचारता येतो.