घर, गहाण आणि गाऱ्हाणे

(नुंगंबाक्कम, चेन्नई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या भूमीवर आज आपण जमलो आहोत तिची नोंद फार जुनी आहे. अकराव्या शतकातील राजेंद्र चोळाच्या तिरुवालंगाडु ताम्रपटात नुंगंबाक्कमचे नाव येते. १७०८ साली हे गाव इंग्रजांच्या कंपनीकडे आले आणि पुढे मद्रास शहराचा भाग होऊन गेले. शहराचा भाग होण्याचे जे अनेक परिणाम झाले, त्यांपैकी एका लहानशा कायदेशीर परिणामापासून मी आज आरंभ करू इच्छितो. कारण कर्जापायी घर जाणे हा जो आपला विषय आहे, त्याचा एक धागा तेथून निघतो.

१८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला. शंभर रुपये वा त्याहून अधिक रकमेसाठी स्थावर मालमत्ता गहाण ठेवावयाची तर नोंदलेले, साक्षीदारांच्या सह्यांचे गहाणखत हवे, असा सर्वसाधारण नियम त्यात आहे. परंतु कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्या शहरांसाठी त्याला अपवाद ठेवण्यात आला. तेथे घराची मूळ कागदपत्रे सावकाराच्या हाती दिली की गहाण पुरे झाले. आणखी एक अपवाद याहून महत्त्वाचा होता. एरवी गहाण घर विकावयाचे तर धनकोला न्यायालयात दावा लावावा लागे. न्यायालय हिशेब पाही, रक्कम ठरवी, कर्ज फेडण्यास मुदत देई. मात्र या शहरांतील मालमत्तेबाबत, गहाणखतात तसा अधिकार दिलेला असेल तर, तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन न्यायालयाविना विक्री करता येई. म्हणजे नुंगंबाक्कमच्या रस्त्यावरील बंगल्याला जे लागू होते ते तंजावर जिल्ह्यातील कौलारू घराला सामान्यतः लागू नव्हते. शहरातला माणूस व्यवहार जाणतो, त्याला न्यायालयाच्या छत्राची तेवढी गरज नाही, असे गृहीत त्यामागे होते.

खेड्यातील घराला ते छत्र का हवे, याचा धडा सरकारला सात-आठ वर्षांपूर्वीच मिळालेला होता, आणि तो मिळाला होता पुणे जिल्ह्यात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, दख्खनच्या कापसाला सोन्याचे मोल आले व पतही सैल झाली. युद्ध संपले, भाव कोसळले. १८६७ पासून झालेल्या फेरआकारणीत शेतसारा मात्र वाढला. रोखे थकले, व्याजावर व्याज चढले आणि सावकार न्यायालयात जाऊ लागले. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने बाबासाहेब देशमुख या वजनदार गृहस्थाविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या बजावणीत देशमुखांचे घर पाडले गेले. गावाने हे सहन केले नाही. सावकाराच्या दुकानातून माल घेणे बंद झाले. न्हावी, परीट, पाणक्या यांनी त्याची कामे सोडली. हा बहिष्कार गावोगाव पसरला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा झाला आणि त्याची आग पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पोहोचली.

या दंग्यांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होती. दंगेखोरांनी माणसांना इजा फारच थोडी केली. त्यांना हवे होते ते रोखे आणि हुकूमनामे. ते हाती आले की त्यांची होळी होई. चौकशी आयोगासमोर जे चित्र उभे राहिले त्यावरून याचे कारण उमजते. कुळाविरुद्धचे बहुसंख्य निकाल एकतर्फी होते. कुळ न्यायालयात हजरच होत नसे, झाले तरी रोख्यावरचा त्याचा अंगठा हाच अखेरचा पुरावा ठरे. मूळ मुद्दल किती, व्याज किती, फेड किती झाली, हे विचारणारे कोणी नव्हते. ज्या कागदाविरुद्ध गाऱ्हाणे सांगण्याची सोय नव्हती, तो कागद लोकांनी जाळला.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने या दुखण्यावर जो उपाय केला तो कर्जमाफीचा नव्हता. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाण्यास सांगितले. कुळाने तक्रार केली नाही तरी व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, वाजवी रक्कम ठरवावी, हप्ते बांधून द्यावेत. आणि जी स्थावर मालमत्ता खास गहाण टाकलेली नाही तिला साध्या कर्जापायी हात लावू नये. या कायद्यालाही वाटा फुटल्या. गहाणाऐवजी सावकार नावापुरते खरेदीखत लिहून घेऊ लागले. तरीही आधी हिशेब आणि मग जप्ती हे तत्त्व कायद्यात रुजले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने शेतकऱ्याचे राहते घर साध्या कर्जाच्या जप्तीतून वगळले, तेही त्याच भावनेचे फळ होय.

दुसरी बाजूही तितक्याच आस्थेने मांडली पाहिजे, आणि तिचे उदाहरण याच शहरात आहे. २२ ऑक्टोबर १९०६ रोजी मद्रासची अर्बथनॉट ही मातब्बर पेढी बुडाली. तिच्यात पैसे ठेवणाऱ्यांत निवृत्त नोकरदार होते, विधवा होत्या, छोटे व्यापारी होते. पेढीचे प्रमुख सर जॉर्ज अर्बथनॉट यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, पण तेवढ्याने ठेवी परत आल्या नाहीत. त्या अनर्थातूनच व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने १९०७ साली इंडियन बँक उभी राहिली. तेव्हा कर्ज वसूल झालेच पाहिजे, हे म्हणणे केवळ धनिकाचे नसते. बँकेच्या तिजोरीतला पैसा अखेर कोणा तरी ठेवीदाराचा असतो. दाव्यांचा निकाल लागण्यास दशके लागत होती आणि बडे थकबाकीदार त्या दिरंगाईवर पोसले जात होते, हेही खोटे नव्हते.

या दिरंगाईवर उतारा म्हणून २००२ साली, आधी वटहुकूम व मग कायदा, अशा क्रमाने जो कायदा आला तो ‘सरफेसी’ या नावाने ओळखला जातो. १८८२ साली मद्रास, मुंबईपुरता जो अपवाद होता, तो बँकांच्या बाबतीत आता साऱ्या देशाचा नियम झाला. आणि गहाणखतात तसे कलम असण्याचीही गरज उरली नाही. शेतजमीन यातून वगळली आहे, राहते घर वगळलेले नाही.

या कायद्याचा क्रम असा. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते थकीत ठरते. मग साठ दिवसांची नोटीस. कर्जदाराने हरकत घेतली तर बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावयाचे. पण त्या उत्तरावर त्या टप्प्यात दाद मागता येत नाही. नंतर बँक कब्जाकडे वळते; प्रतिकार होण्याचा संभव असल्यास दंडाधिकाऱ्याचे साहाय्य घेते. दंडाधिकारी कागद पुरे आहेत की नाहीत एवढेच पाहतो, कर्जाचा न्याय तो करीत नाही. हे पाऊल पडल्यानंतर पंचेचाळीस दिवसांत कर्जदार कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. दिवाणी न्यायालयाचे दार त्याला बंद आहे. तेथे हरल्यास अपिलासाठी थकबाकीची निम्मी रक्कम भरावी लागते, आणि ती फार तर पाव हिश्शापर्यंत उतरवून मिळते. मूळ कायद्यात तर पहिल्याच दादेसाठी पंचाहत्तर टक्के भरण्याची अट होती. मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २००४ रोजी ती रद्द केली, पण कायद्याचा गाभा ग्राह्य धरला.

थोडक्यात, १८७९ चा क्रम आपण उलटा केला. आधी कब्जा, मग हिशेब.

गहाण सोडवून घेण्याचा हक्क हा गहाणाच्या कल्पनेचा प्राणच मानला जातो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क विक्री पूर्ण होईपर्यंत जिवंत राहतो असे सांगितले होते. २०१६ च्या दुरुस्तीने तो लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच मर्यादित केला, आणि २०२३ साली न्यायालयानेही त्या मर्यादेवर शिक्कामोर्तब केले. म्हणजे नातेवाइकांकडून, दागिने मोडून, कशीबशी पूर्ण रक्कम जमवून जो माणूस लिलावाच्या आदल्या दिवशी बँकेत येतो, त्याला परत पाठवण्याचा अधिकार आज कायद्याने दिलेला आहे.

माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? कर्जाच्या कागदावर एका किंवा दोघांची सही असते. घरात मात्र पाच-सहा जण राहतात. आजारी सासू, दहावीतली मुलगी, मागच्या खोलीतला भाडेकरू यांनी कशावरही सही केलेली नसते. भाडेकरूंच्या हक्काचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा पुन्हा आला. २०१६ साली त्यांना मोठा दिलासा मिळाला आणि २०१९ साली त्याची कक्षा आवळली गेली. घर गेले की केवळ छप्पर जात नाही. शिधापत्रिकेवरचा पत्ता जातो, मुलाची शाळा लांबते, शेजारणीच्या भरवशावर कामाला जाणाऱ्या बाईचा तो भरवसा जातो.

आणि लाज येते. नियमांप्रमाणे कब्जाची नोटीस दारावर डकवावी लागते व दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले. मुंबई-पुण्याच्या मराठी दैनिकांत आणि चेन्नईच्या तमिळ दैनिकांत या नोटिसांची पाने आपण पाहतो: नाव, पत्ता, थकलेली रक्कम. यातील विसंगती पाहा. कर्जदाराला सावध करणारी पहिली नोटीस बहुधा इंग्रजीत येते. त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणारी नोटीस मात्र सर्वांना समजेल अशा भाषेत निघते.

आता राजकीय परिणामांकडे वळू. कर्ड्याच्या बहिष्काराला अर्थ होता, कारण सारे गाव एकाच संकटात होते. शहरातील गृहकर्जदार एकटा असतो. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचेही हप्ते थकले आहेत हे त्याला ठाऊक नसते. शेतकऱ्याच्या कर्जाला मतपेटीत वजन आहे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची महाराष्ट्राची, २०२१ ची तमिळनाडूची, ही त्याची उदाहरणे. घराच्या कर्जदाराला असे वजन नाही. परंतु संघटित आवाज नाही म्हणजे राग नाही, असे समजणे धोक्याचे आहे.

१९३३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात, ल मार्स येथे, शेतकऱ्यांच्या जमावाने न्यायाधीशाला न्यायासनावरून खेचून नेले आणि गहाण जप्तीच्या आदेशांवर सही करणार नाही अशी शपथ घे म्हणून त्याच्या गळ्यात दोर अडकवला. त्याच महिन्यात शेजारच्या मिनेसोटा राज्याने वेगळा मार्ग काढला: न्यायालयाने गहाण सोडवण्याची मुदत वाढवून द्यावी, आणि तोवर ऋणकोने वाजवी भाडे भरावे. १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. एका राज्यात दोर, दुसऱ्यात सुनावणी. मंदी दोन्हीकडे सारखीच होती.

अलीकडच्या अरिष्टातही हेच दिसले. अमेरिकेत २०१० साली उघड झाले की बँकांचे कर्मचारी हजारो प्रतिज्ञापत्रांवर न वाचताच सह्या करीत होते. २०१२ साली पाच मोठ्या बँकांना पंचवीस अब्ज डॉलरांची तडजोड करावी लागली. स्पेनमध्ये २००९ पासून गहाणग्रस्तांची चळवळ उभी राहिली, आणि तिच्या नेत्या आदा कोलाऊ २०१५ साली बार्सेलोनाच्या महापौर झाल्या. दरम्यान १४ मार्च २०१३ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की कराराच्या अटी अन्यायकारक आहेत काय याची तपासणी चालू असताना घर रिकामे करणे न्यायाधीशाला थांबवता येत नसेल, तर तो कायदा ग्राहकाचे रक्षण करीत नाही. पुणे जिल्ह्यातील रोखे जळाल्यानंतर जे सूत्र आपल्याला सापडले होते, तेच हे.

मग करावे काय? मी माफीची मागणी करीत नाही. अर्बथनॉटचे ठेवीदार मला विसरता येत नाहीत. माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. पहिली, स्वतः राहण्याच्या एकमेव घराबाबत, कब्जापूर्वी, बँकेबाहेरच्या अधिकाऱ्यासमोर एक सुनावणी व्हावी. तीत मुद्दल, व्याज, दंड आणि भरणा यांचा हिशेब मांडला जावा आणि हप्ते फिरवून बांधता येतील काय ते पाहिले जावे. दुसरी, पूर्ण रक्कम घेऊन येणाऱ्याला विक्री पूर्ण होईपर्यंत घर सोडवू द्यावे. तिसरी, पहिली नोटीस कर्जदाराच्या भाषेत असावी.

यामुळे वसुली लांबेल, असा आक्षेप येईल. काही आठवडे लांबेल, हे मान्य. परंतु २०२० साली महामारीत हप्त्यांना सहा महिन्यांची स्थगिती मिळाली, सर्वोच्च न्यायालयाने खाती थकीत ठरवण्यास काही काळ मनाई केली, मार्च २०२१ मध्ये ती उठवलीही. आणि देशातील बँका कोसळल्या नाहीत. सुनावणीला वेळ देणे व्यवस्थेला परवडते, हे आपण अनुभवले आहे.

येथून जवळच वळ्ळुवर कोट्टम आहे. पूर्वीच्या तळ्याच्या जागी १९७६ साली ते स्मारक उभे राहिले, आणि पुढे त्याचा परिसर शहरातील निदर्शनांची परिचित जागा झाला. ज्याला अन्यत्र ऐकून घेतले जात नाही तो तेथे जातो. लोकशाहीत अशी जागा हवीच. तथापि घराच्या कर्जाचे गाऱ्हाणे न्यायाच्या खोलीत, घराची किल्ली अजून हातात असताना ऐकले गेले, तर त्या माणसाला रस्त्यावर येण्याची वेळ येणार नाही, दोन्ही अर्थांनी.