फळमाशीला बांध नसतो

(वडोदरा येथे मराठी भाषक शेतकरी, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कीटकशास्त्रज्ञ नव्हे. मी कला शाखेचा पदवीधर आहे, आणि शास्त्रज्ञांचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम आहे. परंतु आजचा विषय असा आहे की, त्यातील शास्त्र शेवटी गावाच्या एकोप्यावर येऊन थांबते. तो विषय म्हणजे फळमाशी.

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबविली. कारले, पडवळ, वांगी व अळू यांनाही त्याच वेळी मनाई झाली. पाठविलेल्या मालात फळमाशी व अन्य किडी आढळल्या, हे त्याचे कारण. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. पण ऐन हंगाम हातचा गेला. तांदळाच्या दाण्याएवढ्या अळीने कोकणच्या हापूसची वाट अडविली, आणि गुजरातच्या केसरचीही!

या शत्रूची रीत समजून घेऊ. मादी पक्व होत आलेल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. उष्ण हवेत एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात व साधारण आठवडाभर गर खातात. फळ सडून गळते. मग अळी जमिनीत शिरून कोष करते आणि सुमारे दहा दिवसांनी त्यातून नवी माशी उडते. म्हणजे अंडी व अळी फळात आणि कोष मातीत. आपण फवारा मारतो तो सालीवर! शत्रू घरात दडलेला असताना दारावर काठ्या मारण्यासारखेच हे झाले.

मग उपाय कोणता? याचा धागा आपल्याच देशात सापडला. बिहारमधील पुसा येथील संशोधक हौलेट यांना १९१२ च्या सुमारास दिसले की, डास दूर ठेवण्यासाठी रुमालावर लावलेल्या गवती तेलाकडे फळमाशीचे नर धाव घेतात. पुढे हे आकर्षण मिथिल युजेनॉल या द्रव्यात अधिक प्रबळ असल्याचे त्यांनी दाखविले. आजचे सापळे याच तत्त्वावर चालतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा आपल्या परिचयाचा आहे. एकेकाळी बडोदे संस्थानाचा प्रांत असलेल्या नवसारी येथील कृषी विद्यापीठानेही ‘नौरोजी स्टोनहाउस’ सापळा शेतकऱ्यांना दिला आहे.

येथे एक सावधगिरी हवी. आंबा, पेरू, चिकू यांवरील माशीसाठी मिथिल युजेनॉल. परंतु कारले, दोडका, काकडी यांवरील माशी निराळी असून तिला ‘क्यू ल्यूर’ लागते. कारल्याच्या मांडवात आंब्याचा सापळा टांगून ‘उपयोग झाला नाही’ म्हणणे हा सापळ्यावर अन्याय होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सापळ्यात पडतात ते केवळ नर. एकट्याच्या बागेत सापळा भरलेला दिसतो. पण शेजारच्या बागेत फलित झालेली मादी बांध ओलांडून येतेच. या माश्या काही किलोमीटर उडू शकतात. प्रशांत महासागरातील रोटा बेटावर १९६० च्या दशकात मिथिल युजेनॉल व कीटकनाशकाच्या आमिषाने ही माशी समूळ नाहीशी करण्यात आली, कारण सारे बेट एकाच वेळी हाती घेतले होते. आपल्या गावाला समुद्राचे कुंपण नाही. ते एकजुटीनेच घालावे लागेल.

म्हणून विनंती आहे की, फळे पक्व होऊ लागण्यापूर्वीच विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे साऱ्या शिवारात एकाच आठवड्यात सापळे लावावेत. गळलेले फळ रोज उचलून खोल पुरावे. ते उकिरड्यावर वा ओढ्यात टाकू नये, कारण प्रत्येक सडके फळ म्हणजे माशीची नवी पैदास. झाडाखालची माती हलवावी, म्हणजे कोष उन्हात व पाखरांच्या चोचीत सापडतील. शक्य तेथे फळांना कागदी पिशव्या बांधाव्यात. निर्यातीच्या आंब्याला ४८ अंश सेल्सियसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची प्रक्रिया आहे. परंतु ती बागेतील निष्काळजीपणाची भरपाई नव्हे.

शिक्षकमित्रांनो, एक किडका पेरू वाळू घातलेल्या बरणीत ठेवून तोंडाला फडके बांधा. दोन-तीन आठवड्यांत मुलांना अळी, कोष व माशी डोळ्यांनी दिसेल. नंतर त्या माश्या मारून टाका, बाहेर सोडू नका. हे पाहिलेला मुलगा सडके फळ भिरकावणार नाही, आणि घरी वडिलांनाही भिरकावू देणार नाही.

अधिकारी बंधूंना एवढेच सांगतो : सापळे किती वाटले याची नोंद आपण ठेवतोच, किती शिवारे सलग झाली, याचीही ठेवू या. जमिनीचे बांध कायद्याने राहोत. फळमाशीच्या बाबतीत मात्र सारे गाव एकच शेत आहे, असे मानू या.