खेळ करा, कर्ज नको
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



नया नगरमधल्या काही मुलांना आता मोबाइलचा खेळ स्वतः बनवायचा आहे. छान! पण त्यासाठी आधीच महागडा लॅपटॉप आणि हप्त्यावर कोर्स, हे काही पटत नाही. बँकेत आयुष्य गेले, म्हणून खर्चाचे आधी सांगतो.

'स्क्रॅच' मोफत, 'गोडो' मोफत, चित्रांसाठी 'क्रिटा' मोफत. सुरुवातीला घरातला साधा संगणक चालतो. प्ले स्टोअरवर खेळ टाकायला एकदाच २५ डॉलर लागतात, तेही खेळ पुरा झाल्यावर.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये जगभर गेला. पण २०१७ मधला त्यांचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, आणि तीही या क्षेत्रात मुरलेली माणसे. एवढ्या मोठ्या खेळाने सुरुवात करू नका.

आपल्या दारचाच खेळ घ्या. खालच्या टाकीत टँकर ओतला, पंप गच्चीवरची टाकी भरतोय. काठोकाठ आली की बटण दाबून पंप बंद करायचा. पाणी ओसंडले की हरलात! एक चौकोन, निळा रंग, एक बटण. चित्रकला लागत नाही. पुरा करा आणि शेजाऱ्याला खेळायला द्या. तो कुठे अडतो, ते गप्प बसून बघा.

पालकहो, पहिला खेळ पुरा झाल्याशिवाय चेक फाडू नका. मुलांनो, अभ्यास सोडू नका. दुसऱ्या खेळासाठी पैसे मागायला याल तेव्हा पहिला दाखवा. तीच तुमची पत.