हसतमुख भगिनीचीं गाणीं
(गायनमंडळापुढें दिलेलें भाषण)



ज्युबिलीनिमित्त गायनमंडळापुढें चार शब्द बोलावे, अशी समितीची इच्छा पडली. संगीतांत माझी गति बेताचीच. सेमिनरींत ग्रेगोरियन गायन शिकलों, तेवढीच माझी पुंजी. म्हणून उपदेश न करितां, स्वतः गीतें रचून गिटारीवर गाणाऱ्या एका बाईंची हकीकत सांगतों.

जानीन डेकर्स ह्यांचा जन्म १९३३ सालीं बेल्जियममध्यें, ब्रुसेल्स शहरीं झाला. १९५९ सालीं वॉटर्लूजवळील फिशरमाँ येथील डोमिनिकन मठांत त्या दाखल झाल्या आणि सिस्टर ल्यूक-गॅब्रिएल झाल्या. गिटार सोबत होतीच. तिला त्या 'सिस्टर आदेल' म्हणत! लोकगीतांच्या सोप्या वळणावर त्या फ्रेंच भाषेंत गाणीं रचीत. मठांत येणाऱ्या मुलींना तीं फार आवडलीं. त्यांच्यापुरत्या थोड्या तबकड्या निघाव्या, एवढ्याच माफक हेतूनें मठानें फिलिप्स कंपनीकडे विचारणा केली. कंपनीस त्यांत मोठा व्यापार दिसला. तबकडीवर 'सर सुरीर', म्हणजे हसतमुख भगिनी, असें नांव छापलें गेलें. गाणारीचें खरें नांव नाहीं.

१९६३ च्या डिसेंबरांत संत डोमिनिकवरील त्यांचें 'डोमिनिक' हें गाणें अमेरिकेंत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतें. परक्या भाषेंतलें, तेंही एका मध्ययुगीन साधूची थोरवी गाणारें गीत! त्याच डिसेंबरच्या ४ तारखेस दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें उपासनाविधीविषयींचें संविधान प्रसिद्ध केलें आणि भाविकांच्या धार्मिक गायनास उत्तेजन द्यावें, असें सांगितलें. आपली मिस्सा आज मराठींत होते, तिचें मूळ त्या संविधानांत आहे.

पैसा आला, पण भगिनींच्या हातीं आला नाहीं. मोठा वांटा कंपनीनें घेतला, उरलेला मठास गेला. ह्यांत गैर कांहीं नव्हतें. दारिद्र्याचें व्रत तें व्रतच. अडचण आली १९६६ सालीं, त्या मठांतून बाहेर पडल्या तेव्हां. त्याचीं कारणें येथें उगाळीत नाहीं. ज्या नांवानें जग त्यांना ओळखीत होतें, तें नांवही त्यांना वापरतां येईना. ल्यूक डोमिनिक ह्या नांवानें त्या स्वतंत्रपणें गाऊं लागल्या, पण श्रोते पांगले. १९६७ सालीं त्यांनीं संततिप्रतिबंधक गोळीची स्तुति करणारें गीत गाइलें. ख्रिस्तसभेच्या शिकवणीशीं तें जुळत नाहीं आणि मी त्याचें समर्थन करीत नाहीं.

पुढें करखात्यानें जुन्या तबकड्यांच्या उत्पन्नावरील थकलेला कर त्यांच्याकडे मागितला. पैसा मठास दिला, असें त्या सांगत. पण पावती कोठून आणणार? मठांत राहून केलेल्या आज्ञापालनाची पावती कोण मागून घेतो? १९८२ सालीं त्यांनीं तेंच 'डोमिनिक' नव्या विद्युत्-वाद्यांच्या साथीवर पुन्हां गाऊन पाहिलें. ऋण फिटलें नाहीं. २९ मार्च १९८५ रोजीं वाव्र येथें त्यांनीं व त्यांच्यासह राहणाऱ्या मैत्रिणीनें आत्मघात केला. आपण श्रद्धा सोडलेली नाहीं, आपला अंत्यविधि ख्रिस्तसभेच्या रीतीनें व्हावा, असें त्यांनीं लिहून ठेविलें होतें. १९१७ च्या धर्मसंहितेनें बुद्धिपुरस्सर आत्मघात करणारास असा विधि नाकारला होता. १९८३ च्या संहितेनें तो निषेध वगळला. दोघींस एकत्र पुरण्यांत आलें.

कंपनीस दोष देणें सोपें आहे. कंपनी व्यापारासाठींच असते. मला आपल्याच घराविषयीं बोलावयाचें आहे. दारिद्र्याचें व्रत भगिनी घेते. संस्थेस तें न्यायापासून मोकळीक देत नाहीं. जिच्या कंठावर संस्थेस उत्पन्न झालें, ती दाराबाहेर पडतांना तिच्या हातीं निदान हिशेबाचा कागद हवा होता.

आपल्या धर्मग्रामांत लाखोंचा प्रश्न नाहीं, हें मी जाणतों. पण आपलें गीतपुस्तक उघडून पाहा. बहुतेक गीतांखालीं रचणाराचें नांव नाहीं, चाल बांधणाराचें तर नाहींच नाहीं. पेटी वाजविणारा पेटी घरून आणतो, भाता फाटला तर पदरच्या पैशानें शिवून घेतो, आणि सणाच्या दिवशीं आभार मानतांना आपण मांडववाल्याचें नांव घेतों! जुन्या रचणारांपैकीं कांहीं आज हयात नाहींत. त्यांच्या मुलांकडे वह्या असतील. गायनमंडळानें घरोघर विचारून नांवांची यादी करावी आणि आगमनकाळापूर्वीं माझ्याकडे द्यावी. नवी आवृत्ति त्यानंतरच छापावयास जाईल.